ऐकून घेण्याचा हक्क

मी बोईसरला नागरिकशास्त्र शिकवतो. 'शासनाच्या सत्तेला मर्यादा असतात' हे वाक्य वर्गात वाचले तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, मग गाव उठवायच्या आधी आमच्या आजीला कोणी विचारलं होतं का?" त्याचे आजोळ अक्करपट्टी. तारापूरच्या अणुवीज केंद्राचे पहिले दोन संच १९६९ मध्ये सुरू झाले. पुढे तिसऱ्या-चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. देशाला वीज मिळाली. मुलाचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

हा प्रश्न जुना आहे. १८६३ साली लंडनच्या वॉन्ड्सवर्थ भागात कूपर नावाच्या माणसाने रीतसर सूचना न देता घर बांधायला घेतले, म्हणून स्थानिक मंडळाने ते पाडले. कायद्याने मंडळाला तो अधिकार होता. तरीही न्यायालय म्हणाले, पाडण्याआधी त्याचे ऐकायला हवे होते. कायद्यात तसे लिहिलेले नसले तरी न्यायाला ते गृहीत आहे.

त्याच इंग्रजांनी आपल्याला दिलेल्या १८९४ च्या भूसंपादन कायद्यात मात्र संपादनाला हरकत घेण्याची सोयच नव्हती. ती १९२३ मध्ये कलम ५-अ म्हणून आली. परंतु कलम १७ खाली 'तातडी' जाहीर केली की सरकारला ही सुनावणी टाळता येत असे. म्हणजे दार उघडले, पण कडी सरकारच्याच हातात राहिली.

आणि ज्याच्या नावावर सातबाराच नाही, त्याचे काय? हरकत घेण्याचा अधिकार मोबदल्यात हितसंबंध असणाऱ्याला. दुसऱ्याच्या शेतात राबणारा, खाडीवर मासळी वेचणारा, गावकुसाबाहेरचा माणूस या व्याख्येत बसत नव्हता. उठणाऱ्या गावात त्याचे घर होते, पण कागदात तो नव्हता. जमिनीपासून शतकानुशतके दूर ठेवलेल्या आपल्या समाजाला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही.

१९८५ मध्ये मुंबईच्या पदपथावरील रहिवाशांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि सुनावणीचे तत्त्वही मान्य केले. झोपड्या हटवायला मात्र पावसाळ्यानंतर मोकळीक दिली. तत्त्व जिंकले, माणूस हरला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने तीन वर्षे त्या जमिनीवर पोट भरणारा शेतमजूर, कूळ, कारागीर यांना बाधित कुटुंब म्हटले. अनुसूचित क्षेत्रात ग्रामसभेची संमती मागितली. पण चौथ्या अनुसूचीत तेरा कायदे वगळले. त्यांत १९६२ चा अणुऊर्जा कायदा होता! २०१५ च्या आदेशाने मोबदला आणि पुनर्वसन त्या कायद्यांनाही लागू झाले; ऐकून घेणे मात्र नाही. पैसे देऊ, पण विचारणार नाही, असा त्याचा अर्थ.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत कलम ३२ ला संविधानाचा आत्मा म्हटले, कारण हक्क मोडला तर दाद मागायची जागा तिथे आहे. पण दाद मागायला कागद लागतो. म्हणून मी आता मुलांना नोटीस वाचायला, मुदत मोजायला, हरकत लिहून तिची पोच घ्यायला शिकवतो. त्या मुलाला माझ्याकडे एवढेच उत्तर आहे: आजीला विचारले होते की नाही ते तू शोध, आणि तुला विचारल्यावाचून कोणी हलवू नये, याची तयारी आतापासून कर.