दीक्षान्त सभागृह : वारसा वास्तूचा आणि वापराचाही

ओव्हल मैदानासमोरच्या मुंबई विद्यापीठाच्या आवारात राजाबाई टॉवरकडे आधी नजर जाते आणि शेजारचे सर कावसजी जहांगीर दीक्षान्त सभागृह त्याच्या सावलीत राहते. खरे तर सभागृह टॉवरच्या आधीचे. ते 1874 मध्ये पूर्ण झाले, टॉवर 1878 मध्ये. विद्यापीठ 1857 चे, पण स्वतःची वास्तू नसल्याने त्याचे सुरुवातीचे पदवीदान समारंभ टाउन हॉलमध्ये होत. रानडे आणि भांडारकर यांच्या पहिल्या तुकडीने 1862 मध्ये पदवी घेतली, तेव्हा हे सभागृह नव्हतेच. विद्येला समाजाने जाहीरपणे मान द्यावा, या एका गरजेतून ते उभे राहिले. म्हणूनच त्याचा वारसा दगडी कोरीवकामाइतकाच या विधीतही आहे आणि जतनाचा विचार दोन्हींचा मिळून व्हायला हवा.

याचा पुरावा वास्तूच्या रचनेतच सापडतो. सभागृह 104 फूट लांब, 44 फूट रुंद आणि 63 फूट उंच आहे. लांबी रुंदीच्या दुपटीहून जास्त असल्याने पाहणाऱ्याचे लक्ष आपोआप टोकाच्या अर्धवर्तुळाकार भागाकडे, म्हणजे व्यासपीठाकडे जाते. तिन्ही बाजूंनी फिरणारा सज्जा नक्षीदार लोखंडी ब्रॅकेटांवर तोललेला आहे. त्याखाली खांबांची रांग नाही. त्यामुळे खाली बसलेल्यांना समोरचे सारे विनाअडथळा दिसते आणि वर बसलेले नातलगही सोहळ्याचे साक्षीदार होतात. 20 फूट व्यासाच्या गोल खिडकीत रंगीत काचांमध्ये बारा राशी आहेत. प्रार्थनागृहाची ही मांडणी इथे विद्येच्या सोहळ्यासाठी वापरलेली दिसते. समारंभ वगळला, तर या प्रमाणांचा अर्थच लागत नाही.

यावर आक्षेप असा की, ही शैली उसनी आहे. वास्तुविशारद जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून आराखडे केले, मुंबईत ते कधी आलेच नाहीत आणि नमुना होता पंधराव्या शतकातल्या फ्रेंच गॉथिकचा. साम्राज्याने आपली छाप अशा इमारतींतून उमटवली, हेही खरेच आहे. पण आराखडा म्हणजे इमारत नव्हे. या कामासाठी एक लाख रुपये दिले ते कावसजी जहांगीर रेडीमनी या मुंबईकर पारशी दात्याने. दोन्ही बाजूंच्या व्हरांड्यांनी इथल्या उन्हापावसाशी जुळवून घेतले. शेजारच्या टॉवरला कुर्ल्याचा पिवळसर दगड लागला आणि त्यावरच्या पश्चिम भारतातील जातीजमातींच्या मूर्तींचे नमुने साहाय्यक अभियंता रावबहादूर मुकुंद रामचंद्र यांनी घडवले. याहून मोठी गोष्ट वापरातून घडली. 1892 मध्ये काशिनाथ त्र्यंबक तेलंग पहिले भारतीय कुलगुरू झाले आणि 1894 मध्ये रामकृष्ण गोपाळ भांडारकर कुलगुरू म्हणून दीक्षान्त भाषणाला उभे राहिले. राज्यकर्त्यांच्या शैलीत घडलेल्या व्यासपीठावरून इथलेच विद्वान बोलू लागले. शैली परकी राहिली तरी वास्तू आपली झाली ती अशी.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. आजच्या प्रचंड विद्यार्थिसंख्येला सुमारे हजार आसनांचे सभागृह कसे पुरणार? त्यापेक्षा ते पाहण्यापुरते जपावे आणि समारंभ प्रशस्त जागी न्यावेत. सगळे पदवीधर इथे मावणार नाहीत, हे मान्य. तरी मुख्य समारंभ, व्याख्याने आणि वाद-चर्चा इथेच होत राहणे शक्य आहे. वापरातल्या वास्तूची गळती, सैल काच किंवा गंजलेला ब्रॅकेट वेळेवर ध्यानात येतो, बंद दालनात तो वर्षानुवर्षे तसाच राहतो. 1995 च्या वारसा नियमावलीचे संरक्षण आणि 2018 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत परिसराचा झालेला समावेश यांमुळे दगडाला कवच मिळाले आहे. सभागृह कशासाठी वापरायचे, हे मात्र कोणतीही यादी ठरवत नाही. तो निर्णय विद्यापीठाचा आहे, आणि दुरुस्तीच्या अंदाजपत्रकाइतकाच तो जतनाचा भाग मानला गेला पाहिजे.