कलम ८५ आणि कलम ६६: झिंगलेल्या वाटसरूच्या कायद्याची कुळकथा

जिंतूरहून सेनगावकडे निघालं की सुमारे १५ किलोमीटरवर पूर्णाकाठी येलदरी लागते. इथल्या धरणाचं काम १९५८मध्ये सुरू झालं आणि १९६८पर्यंत चाललं. बांधकामाच्या निमित्ताने वसलेली वस्ती अजूनही येलदरी कॅम्प म्हणूनच ओळखली जाते. धरणाची भिंत चढत होती त्याच वर्षांत या भागात एक कायदाही येऊन पोहोचला. परभणी जिल्हा १९५६च्या राज्य पुनर्रचनेत हैदराबादमधून मुंबई राज्यात आला होता आणि १९५९मध्ये मुंबईचा दारूबंदी कायदा मराठवाड्याला लागू झाला. तेव्हापासून या रस्त्यावर कुणी झिंगलेल्या अवस्थेत सापडला, की ठाण्यातल्या कागदावर बहुतेकदा त्याच कायद्याचं एक कलम येतं: ८५ (१).

गाडी चालवणाऱ्या दारुड्याबद्दल पुष्कळ बोललं जातं. पायी चालणाऱ्याबद्दल, रस्त्याच्या कडेला बसलेल्याबद्दल, एसटीच्या थांब्यावर आडवा झालेल्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. त्याच्यासाठीही कायदा आहे आणि त्या कायद्याचं कूळ चारशे वर्षं मागे जातं.

त्याची सुरुवात इंग्लंडात झाली. १६०६मध्ये तिथल्या पार्लमेंटने दारू पिऊन झिंगणं हाच गुन्हा ठरवला. दंड होता पाच शिलिंग. तो भरता आला नाही, तर गुन्हेगाराचे पाय लाकडी खोड्यात अडकवून त्याला सहा तास चारचौघांसमोर बसवायचं. कायद्याच्या मथळ्यातच या वागण्याला किळसवाणं पाप म्हटलं होतं. पुढे पापाची भाषा मागे पडली आणि रस्त्यावरच्या सुव्यवस्थेची भाषा आली. १८७२च्या इंग्लिश परवाना कायद्याने महामार्गावर किंवा सार्वजनिक जागी नशेत सापडणं हाच दंडनीय प्रकार केला. त्यातूनच इंग्लिश पोलिसांच्या बोलण्यात दोन वर्ग रुळले: नशेत असून स्वतःला सांभाळू न शकणारा आणि नशेत दंगा करणारा. हे दोन वर्ग लक्षात ठेवायला हवेत, कारण पुढे मुंबईच्या कायद्यात ते शेजारी शेजारी येऊन बसले.

हिंदुस्थानात मात्र इंग्रजांनी आधी वेगळी वाट धरली. १८६०च्या भारतीय दंड संहितेत नुसत्या नशेला शिक्षा नव्हती. कलम ५१० सांगत होतं, की नशेत असलेला माणूस सार्वजनिक जागी आला आणि त्याच्या वागण्याने कुणाला त्रास झाला, तरच गुन्हा. शिक्षा चोवीस तासांपर्यंतची साधी कैद, किंवा दहा रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. साऱ्या संहितेत कैदेची याहून छोटी मुदत नव्हती. गुन्हा अदखलपात्र आणि जामीनपात्र, म्हणजे वॉरंटाशिवाय या कलमाखाली अटक नाही. चुपचाप, लडखडत घरी निघालेल्या माणसाला या कलमाने हात लावला नव्हता. हा संयम महत्त्वाचा होता, असं आजही म्हणावंसं वाटतं.

येलदरीच्या शिवारात तेव्हा निजामाचा अंमल होता. तिथे दारू म्हणजे प्रामुख्याने महसूल. १३१६ फसलीचा, म्हणजे १९०६-०७च्या सुमाराचा हैदराबादचा आबकारी कायदा गाळणं, विकणं आणि ठेके यांची व्यवस्था लावत होता. शिंदी ही गोरगरिबांची दारू आणि तिच्यावरची आबकारी हा संस्थानच्या तिजोरीचा मोठा आधार. म्हणूनच १९४७-४८च्या मुक्तिलढ्यात स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी शिंदीची झाडं तोडण्याचा कार्यक्रम हाती घेतला. झाड पडलं की सरकारचं उत्पन्न पडतं, हा त्यामागचा हिशेब. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात आलं आणि १ एप्रिल १९५१पासून भारतीय दंड संहिता या भागाला लागू झाली. कलम ५१० पूर्णाकाठी पोहोचलं ते तेव्हा, मूळ संहिता लिहून झाल्यावर नव्वद वर्षांनी.

मुंबई इलाख्यात तोवर बरंच काही घडून गेलं होतं. १८७८च्या आबकारी कायद्याने दारूवर सरकारी नियंत्रण आणलं होतं. काँग्रेसच्या पहिल्या मंत्रिमंडळाने डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्या पुढाकाराने १ ऑगस्ट १९३९ला मुंबई शहरात दारूबंदी सुरू केली, पण युद्ध सुरू होऊन मंत्रिमंडळ गेल्यावर ती टिकली नाही. स्वातंत्र्यानंतर बाळासाहेब खेर मुख्यमंत्री आणि मोरारजी देसाई गृहमंत्री असताना १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि ६ एप्रिल १९५०पासून राज्यभर पूर्ण दारूबंदी आली.

या कायद्यातलं कलम ८५ म्हणजे इंग्लंडातल्या त्या दोन वर्गांचं इथलं रूप. रस्ता, हमरस्ता किंवा लोकांना येण्याजाण्याची मुभा असलेली कोणतीही जागा. तिथे नशेत असून स्वतःवर ताबा न राहिलेला माणूस हा पहिला गुन्हेगार. नशेत बेशिस्त वागणारा दुसरा. आणि परवाना नसताना नुसता नशेत सापडलेला तिसरा. कुणाला त्रास झाला का, हा ५१०मधला प्रश्न पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात उरलाच नाही. दारूबंदी होती तेव्हा त्याला निदान काही तर्क होता. पुढे वसंतराव नाईकांच्या कारकिर्दीत १९६०च्या दशकात बंदी सैल झाली, १९७३च्या नियमांनी देशी दारूची दुकानं रीतसर झाली, पण कलम जागेवरच राहिलं. पिणाऱ्याकडे परवाना हवा ही अटही राहिली. एका दिवसाचा देशीचा परवाना दोन रुपयांचा आणि विदेशीचा पाच रुपयांचा, हे दुकानासमोर उभ्या असलेल्या किती जणांना ठाऊक असतं? सरकारी परवान्याने चालणाऱ्या दुकानातून बाहेर पडलेला माणूस शंभर पावलांवर गुन्हेगार होऊ शकतो, ही व्यवस्था मजुराला न्याय देणारी नाही. ज्याच्याकडे बंद खोली आहे, तो ८५च्या तडाख्यात सहसा येत नाही. ज्याचा दिवस आणि रात्र रस्त्यावरच जाते, तो येतो.

आता दुसरं कलम. दारूबंदी कायद्यानंतर दोनच वर्षांनी, १९५१मध्ये, त्याच सरकारने मुंबई पोलीस अधिनियम केला. त्याचं कलम ६६ पोलिसांची लोकांप्रति असलेली कर्तव्यं सांगतं. त्यातलं पहिलंच कर्तव्य असं, की रस्त्यावरच्या अपंग आणि असहाय माणसांना शक्य ती सगळी मदत करायची. आणि नशेत असलेल्या तसंच मनोरुग्ण व्यक्ती धोकादायक दिसत असतील किंवा स्वतःची काळजी घेऊ शकत नसतील, तर त्यांना आपल्या ताब्यात, म्हणजे आपल्या जबाबदारीवर घ्यायचं. पुढचं कर्तव्य, ताब्यातल्या जखमी किंवा आजारी माणसाला तातडीने मदत मिळवून देण्याचं.

दोन्ही कलमं शेजारी ठेवून वाचली, की त्यांच्यासमोर जवळजवळ एकच माणूस उभा दिसतो. एक कायदा त्याला आरोपी म्हणतो, दुसरा त्याला पोलिसाच्या हवाली करतो तो सांभाळण्यासाठी. दोन्ही कायदे आज महाराष्ट्राच्या नावाने ओळखले जातात, दोन्ही चालू आहेत. पण ८५खाली गुन्हा नोंदला की आकडा तयार होतो, कारवाई दिसते. ६६खाली एखाद्याला दवाखान्यात नेलं, घरी पोहोचवलं, तर स्टेशन डायरीतल्या एका ओळीपलीकडे काही उरत नाही. कर्तव्याचं कलम मागे पडण्याचं हे एक मोठं कारण आहे.

गुन्हा सिद्ध कसा करायचा, या प्रश्नाने कोर्टांना फार दिवस गुंतवून ठेवलं. मुंबईत २९ मे १९५१च्या रात्री कुलाब्याला एका जीपने पादचाऱ्यांना धडक दिली. चालक बेहराम पेसिकाका यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता. त्यांचं म्हणणं, आपण बी. जी. फॉस नावाचं औषध घेतलं आहे. त्या औषधात सतरा टक्के अल्कोहोल होतं. त्याआधीच बलसारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अल्कोहोलयुक्त औषधांवरची बंदी रद्द केली होती. मग वास दारूचा की औषधाचा? प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापर्यंत गेलं आणि १९५४मध्ये निकाल आरोपीच्या बाजूने लागला. नुसत्या वासावर खटला उभा राहत नाही, हे सरकारला कळून चुकलं.

त्यानंतर कायद्यात रक्ताच्या तपासणीची तरतूद आली. शंभर मिलिलिटर रक्तात पन्नास मिलिग्रॅम, म्हणजे ०.०५ टक्के किंवा त्याहून अधिक अल्कोहोल आढळलं, तर मद्यप्राशनाच्या खटल्यात सिद्धतेचा भार आरोपीवर येतो. १९५९चे रक्ततपासणीचे नियम वाचताना ते लिहिणाऱ्याच्या काळजीचं कौतुक वाटतं. सिरिंज उकळत्या पाण्यात निर्जंतुक करायची. कातडी निर्जंतुक पाण्याने पुसायची. कोणत्याही टप्प्यावर अल्कोहोलचा स्पर्श होऊ द्यायचा नाही, नाहीतर स्पिरिटचाच अंश नमुन्यात यायचा. किमान पाच सीसी रक्त, रक्त गोठू नये म्हणून आणि टिकावं म्हणून द्रव्यं घातलेली कुपी, ती जोरात हलवायची, चिठ्ठी लावायची आणि झाकणावर लाखेची मोहर. उखा कोल्हे खटल्यात १९६३मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अशाच एका नमुन्याचा प्रवास आला होता: रक्त काढल्यापासून प्रयोगशाळेत पोहोचेपर्यंत ते कुणाकडे आणि कसं राहिलं. १९७१मध्ये बच्चूभाई करयानी खटल्यात तर न्यायालयाने स्पष्टच सांगितलं, की तोंडाचा वास, अडखळतं बोलणं, लटपटती चाल आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून माणूस दारू प्यालेला आहे असं ठरत नाही.

पेसिकाका, कोल्हे आणि करयानी हे तीनही खटले मोटारचालकांचे. पायी चालणाऱ्याचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत न्यायला वकील लागतो, पैसा लागतो. वाहनचालकासाठी मोटार वाहन कायद्यात श्वासाची चाचणी आणि तीस मिलिग्रॅमची मर्यादा आहे. पादचाऱ्यासाठी ८५मध्ये तसा कोणताही आकडा नाही. म्हणूनच त्याच्या बाबतीत अजूनही लाल डोळे, वास आणि चाल यांचीच नोंद भारी पडते.

येलदरीत हे सगळं कसं घडायला हवं, त्याचा विचार केला की अंतरं डोळ्यांपुढे येतात. न्यायालय आणि ग्रामीण रुग्णालय जिंतूरला. जिल्हा रुग्णालय परभणीला, आणखी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर पुढे. नदीपलीकडे हिंगोली जिल्हा लागतो. रात्री रस्त्यालगत पडलेल्या एका माणसासाठी गाडी, दोन शिपाई, डॉक्टर आणि मोहरबंद कुपी, एवढा व्याप दर वेळी होणं कठीण. मग एक तर त्याला उठवून हाकललं जातं, दोन दंडे बसतात, किंवा सकाळपर्यंत ठाण्यात बसवून ठेवलं जातं. दंड्याची परवानगी कोणत्याच कलमात नाही, हे वेगळं सांगायला नको. पण सांगायला हवंच.

आणि इथे प्रश्न शिक्षेपेक्षा फार मोठा आहे, तो जीव वाचण्याचा. डोक्याला मार लागलेला माणूस बरळतो. रक्तातली साखर उतरलेला मधुमेही घामाघूम होऊन झोकांड्या खातो. फिट येऊन गेलेला मनुष्य अर्धवट शुद्धीत असतो. यातल्या कुणीही संध्याकाळी दोन घोट घेतलेले असू शकतात, आणि मग तोंडाचा वास खरं दुखणं झाकून टाकतो. मराठवाड्यात तर आणखी एक शक्यता कुणालाही नाकारता येणार नाही: दारूबरोबर कीटकनाशक घेतलेला शेतकरी. विषारी दारूचं तसंच. तिच्यातल्या मिथेनॉलची लक्षणं अनेक तासांनी दिसू लागतात, नजर अंधुक होते, श्वास बिघडतो. २०१५च्या जूनमध्ये मुंबईतल्या मालवणीत अशा दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. झोपलाय, उतरली की उठेल, हे वाक्य अशा वेळी प्राणघातक ठरतं.

जगात इतरत्र या कलमाचं कूळ वेगळ्या वळणावर गेलं. रशियात तुला नावाच्या शहरात १९०२मध्ये रस्त्यावरच्या मद्यपींसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखालचा निवारा निघाला. सोव्हिएत काळात तशी केंद्रं गावोगाव झाली, पण ती पोलिसांच्या हातात गेल्यावर त्यांची दहशतच अधिक वाटू लागली. फिनलंडने १९६०च्या दशकाअखेर सार्वजनिक जागेतली नुसती नशा गुन्ह्यांच्या यादीतून काढली. अमेरिकेत १९७१मध्ये एक नमुना कायदा तयार झाला. त्यात नशेतल्या माणसाला खटल्याऐवजी उपचाराकडे न्यायची वाट आखली होती आणि अनेक राज्यांनी ती स्वीकारली.

आपल्याकडे १ जुलै २०२४ला भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुनं ५१० आता ३५५ झालं. चोवीस तास तेच राहिले, दंड दहा रुपयांवरून हजारापर्यंत गेला आणि समाजसेवेची शिक्षा नव्याने आली. हजार रुपये म्हणजे जिंतूर तालुक्यातल्या शेतमजुराची काही दिवसांची कमाई. नशेत पडलेल्याला सांभाळायचं कुणी आणि कुठे, याबद्दल नव्या कलमातही शब्द नाही.

तो शब्द १९५१च्या अधिनियमात आहे, आणि तो अमलात आणायला विधिमंडळाची वाट पाहावी लागत नाही. कुणी असा माणूस आढळला, की आधी श्वास आणि नाडी पाहावी, त्याला कुशीवर वळवावं, डोक्याला जखम आहे का ते बघावं, हाक मारून उत्तर येत नसेल तर १०८ला फोन करावा, घरच्यांना कळवावं आणि हे सगळं वेळेसह स्टेशन डायरीत लिहावं, कलम ६६चा उल्लेख करून. जिल्ह्याच्या मासिक आढाव्यात ८५खालच्या गुन्ह्यांसोबत ६६खाली किती माणसं दवाखान्यात किंवा घरी पोहोचवली, असा एक रकाना जोडला, तर ते काम करणाऱ्या शिपायाच्या खात्यावर ते जमा होईल.