रिझर्व्हबाहेरची मुलं

आजची गोष्ट कॅनडातली. तिथे मूळनिवासींसाठी राखून ठेवलेल्या जमिनीला ‘रिझर्व्ह’ म्हणतात. पण बरीच मूळनिवासी मुलं वाढतात ती रिझर्व्हबाहेर, विनिपेगसारख्या शहरांत. का बरं?

एक कारण कायद्यातलं. १९८५ पर्यंत मूळनिवासी बाईने सरकारी यादीबाहेरच्या पुरुषाशी लग्न केलं, की यादीतून तिचं नाव जायचं आणि रिझर्व्हवर राहायचा हक्कही. पुरुषाने तेच केलं तर? उलट त्याच्या बायकोचं नाव यादीत चढायचं!

दुसरी जखम शाळेची. सरकारने चर्चच्या मदतीने चालवलेल्या निवासी शाळांत सुमारे दीड लाख मुलं गेली. घरची भाषा बोललं की शिक्षा. आणि तब्येत? १९०७ साली सरकारचेच डॉक्टर पीटर ब्राइस यांनी लिहून दिलं, की या कोंदट शाळांत क्षयाने मुलं मरताहेत. सरकारने ऐकलं नाही. शेवटच्या शाळा बंद व्हायला १९९० चं दशक उजाडलं.

मग शहरातल्या एखाद्या आईला आपली क्री भाषा येत नसेल, तर दोष कुणाचा?

१९९५ मध्ये शहरांत आणि उत्तरेकडच्या वस्त्यांत ‘ॲबोरिजिनल हेड स्टार्ट’ बालवाड्या सुरू झाल्या. भाषा, शिक्षण, आरोग्य, आहार आणि पालकांचा सहभाग, सगळं एकत्र. निवासी शाळेने जे तोडलं, नेमकं तेच जोडायचा हा प्रयत्न.

पण बालवाडी दिवसाचे काही तास. घरी क्री बोलणारी आजीच नसेल, तर तिथे शिकलेला शब्द मूल कुणाला ऐकवणार?