सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन : राजसेवेचे पारखी

सरकारी नोकरी गुणांवर मिळावी, ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते की, ती कोणाला तरी भांडून मिळवावी लागली याचे स्मरणही राहत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडातील कचेऱ्यांचे दार उघडत असे ते वशिल्याने. हा शिरस्ता मोडून काढण्याचा ज्यांनी हट्ट धरला, त्यांत सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन हे अग्रणी होत.

नवल असे की, त्यांचा स्वतःचा प्रवेश जुन्याच वाटेने झाला. १८०७ साली एका धर्मोपदेशकाच्या घरी ते जन्मले. ईस्ट इंडिया कंपनीच्या जागा त्या काळी संचालकांच्या शिफारशीने भरल्या जात. तशीच एक जागा मिळवून ते हिंदुस्थानात आले व दिल्लीचे रेसिडेंट सर एडवर्ड कोलब्रुक यांच्या हाताखाली काम करू लागले. १८२९ मध्ये, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्यांनी या वरिष्ठावरच लाचखोरीचा उघड आरोप केला. गोऱ्या समाजाने प्रथम आरोप करणाऱ्यालाच वाळीत टाकले. पण चौकशीत आरोप शाबीत झाले आणि कोलब्रुक बडतर्फ झाले. उच्चपदस्थ माणूस योग्य असतोच असे नाही, हा धडा ट्रेव्हेल्यन यांना असा कोवळ्या वयात मिळाला.

१८४० मध्ये ते लंडनला ब्रिटिश खजिन्याचे सहायक सचिव झाले. सर स्टॅफर्ड नॉर्थकोट यांच्यासह १८५३ मध्ये त्यांनी एक अहवाल सिद्ध केला. तो लहानसाच, पण मोठा परखड होता. भरती खुल्या स्पर्धा-परीक्षेने व्हावी, ती एका स्वतंत्र मंडळाने घ्यावी, बुद्धीचे काम व नकलनविशी यांची फारकत करावी आणि बढती केवळ ज्येष्ठतेवर न देता कर्तृत्वावर द्यावी, हे त्याचे सार. ज्यांच्या हातातून नेमणुकांचा अधिकार निसटणार होता, ते अर्थातच खवळले. १८५५ मध्ये परीक्षा घेणारे आयोग स्थापन झाले खरे, परंतु शिफारस झालेल्या उमेदवारांनाच तपासण्यापुरते. बहुतेक खात्यांत खुली स्पर्धा येण्यास १८७० साल उजाडावे लागले.

हिंदुस्थानच्या सनदी नोकरीला हे तत्त्व त्याआधीच लागू झाले होते. १८५३ च्या कायद्याने संचालकांची शिफारस संपली. ट्रेव्हेल्यन यांचे मेहुणे मेकॉले यांच्या समितीने परीक्षेची रूपरेषा आखली आणि १८५५ मध्ये पहिली परीक्षा झाली. दार उघडले, पण ते होते सातासमुद्रांपलीकडे. १८६९ साली चार हिंदी तरुण उत्तीर्ण झाले. त्यांतील सुरेंद्रनाथ बॅनर्जी व श्रीपाद बाबाजी ठाकूर यांची नावे वयाच्या वादावरून गाळण्यात आली. आपल्याकडे चालू वर्ष धरून वय सांगतात, हे आयोगाला उमगले नव्हते. प्रकरण न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा कोठे ती नावे पुन्हा यादीत आली. हिंदुस्थानातच परीक्षा देण्याची सोय व्हायला १९२२ साल उजाडले.

ट्रेव्हेल्यन यांच्या चरित्राला एक काळी किनारही आहे. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक बुडाले आणि पुढील काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसे भूक व रोगराईने दगावली. मदतीच्या पैशाची गुरुकिल्ली ट्रेव्हेल्यन यांच्या हाती होती. व्यापारात सरकारने हात घालू नये, या मताला ते इतके चिकटून राहिले की, मदत तोकडी पडली. आयर्लंडात त्यांचे नाव आजही कडवटपणे घेतले जाते. हेच गृहस्थ १८५९ मध्ये मद्रासचे गव्हर्नर झाले, आणि कलकत्त्याच्या सरकारने प्राप्तीकर बसवण्याचे ठरवताच आपला विरोध त्यांनी जाहीर केला. त्यापायी १८६० मध्ये त्यांना परत बोलावण्यात आले. पुढे ते अर्थसदस्य म्हणून पुन्हा हिंदुस्थानात आले. १८८६ मध्ये त्यांचे निधन झाले.

परीक्षेने बुद्धी जोखता येते, वशिला अडवता येतो. दुसऱ्याच्या भुकेची कळ जोखणारी प्रश्नपत्रिका मात्र अद्याप कोणी काढलेली नाही. तरीही ज्याला आत ओळखीचे कोणी नाही, त्या मुलाला कचेरीच्या दाराशी ताठ मानेने उभे राहता येते, हे त्या छोट्या अहवालाचे ऋण होय. निवडून आलेल्या माणसाच्या अंगी करुणा असावी, ही अपेक्षा पुरी करण्याचा भार मात्र त्या माणसावरच राहतो.