जैवविविधता व्यवस्थापन समित्या (भोर व वेल्हे)

पुणे जिल्ह्याच्या नैऋत्येस सह्याद्रीच्या माथ्याला भिडलेल्या भोर व वेल्हे (अलीकडे नामांतराने राजगड) या दोन तालुक्यांतील ग्रामपंचायती, पंचायत समित्या आणि भोर नगरपरिषद यांनी आपापल्या हद्दीतील वनस्पती, प्राणी व तत्संबंधी लोकज्ञान यांच्या जतनासाठी नेमावयाच्या वैधानिक समित्या. १९९२ साली रिओ द जानेरो येथे झालेल्या जैवविविधता करारास अनुसरून भारताने २००२ साली जैविक विविधता अधिनियम संमत केला आणि त्याच्या कलम ४१ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेवर अशी समिती स्थापण्याचे बंधन घातले. २००४ च्या मूळ नियमांप्रमाणे समितीत एक अध्यक्ष व जास्तीत जास्त सहा नामनियुक्त सदस्य असत; त्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती असाव्या लागत. स्थानिक लोकांच्या सल्ल्याने ‘लोक जैवविविधता नोंदवही’ तयार करणे हे तिचे मुख्य कर्तव्य होय.

हिरडस मावळ, रोहिडखोरे, गुंजण मावळ, कानदखोरे ही या मुलखाची जुनी नावे. सरकारी कायद्याच्या पुष्कळ आधीपासून येथे निसर्गरक्षणाचा एक अलिखित कायदा अंमलात होता, तो देवरायांचा. जननी, वाघजाई, काळूबाई, भैरव अशा एखाद्या देवतेच्या नावे सोडलेल्या रानात कुऱ्हाड चालवावयाची नाही, वाळलेली फांदीही घरी न्यावयाची नाही आणि देवळाच्या कामासाठी लाकूड हवेच झाले तर देवाचा कौल घ्यावयाचा, असा दंडक गावाने स्वतःवर घालून घेतला होता. त्यामुळे भोवतालचे डोंगर उघडे पडल्यावरही हिरडा, जांभूळ, अंजनी व गारंबीच्या अजस्र वेली अशा ठिकाणी टिकून राहिल्या. वा. द. वर्तक व माधव गाडगीळ या संशोधकद्वयाने १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून या परंपरेकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या निरीक्षणांत गाडगिळांनी पानशेत परिसरातील डोंगरांविषयी जे नोंदविले ते आजच्या समित्यांनी मुद्दाम वाचावे असे आहे: धरणाच्या निमित्ताने रस्ते झाले, रस्त्यांमागोमाग कोळशाचे व्यापारी आले आणि ज्या झाडांना तोवर बाजार नव्हता ती झाडे भट्टीत गेली. हा ऱ्हास श्रद्धा आटल्यामुळे झाला, असे सोपे निदान पुष्कळदा केले जाते. वस्तुतः दळणवळण व भाव या दोहोंनी श्रद्धेवर मात केली.

महाराष्ट्र राज्य जैवविविधता मंडळ नागपूर येथे २०१२ साली स्थापन झाले, तरी समित्यांच्या कामास खरा वेग आला तो राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशाने. ३१ जानेवारी २०२० पर्यंत नोंदवह्या पूर्ण न झाल्यास राज्यांना दरमहा दहा लाख रुपये भरावे लागतील, अशी तंबी त्यात होती. दंडाच्या धाकाने तयार झालेले दप्तर व लोकांच्या सहवासातून हळूहळू लिहिले गेलेले दप्तर यांत अंतर पडणारच; औषधी झाडपाला ओळखणारी वृद्ध स्त्री किंवा गुराखी यांच्याजवळ बसल्यावाचून जी माहिती मिळत नाही, ती मुदतीच्या घाईत नोंदली जाणे दुर्घट होते.

समितीच्या अधिकारांची मर्यादा तर याहून गंभीर आहे. व्यापारी हेतूने जैविक संसाधने गोळा करणाऱ्यांवर ती शुल्क आकारू शकते आणि तिच्यासाठी स्थानिक जैवविविधता निधीचीही तजवीज आहे. परंतु रान ज्या जमिनीवर उभे असते ती वनखात्याची, महसुलाची, देवस्थान इनामाची वा खासगी खातेदाराची असते. ही मालकी एखाद्या नोंदीने बदलत नाही, म्हणून डोंगरउतारावरील जमिनीचा सौदा झाला की वहीतील झाडाला वहीचे संरक्षण लाभेलच असे नाही. कलम ३७ प्रमाणे राज्य शासन स्थानिक संस्थांच्या विचारविनिमयाने एखादे स्थळ जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करू शकते. पुण्यातील गणेशखिंड उद्यानास २०२० साली तो दर्जा मिळाला. देवरायांसाठीही हाच मार्ग मोकळा आहे.

गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट तज्ज्ञ समितीने २०११ च्या अहवालात संवेदनशील क्षेत्रांबाबतचे निर्णय ग्रामसभांपर्यंत नेण्याचा आग्रह धरला होता. त्यानंतरच्या कस्तुरीरंगन कार्यगटाच्या शिफारशींवर आधारलेला अधिसूचनेचा मसुदा प्रथम २०१४ साली निघाला व पुढे अनेकदा पुन्हा काढावा लागला. त्या मसुद्यातील गावांच्या यादीत या दोन्ही तालुक्यांतील गावे आहेत. राज्य शासनाच्या २०२० पासूनच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानातही स्थानिक संस्थांच्या कामाचे मूल्यमापन पंचमहाभूतांच्या आधारे होते. त्यांपैकी ‘भूमी’ या घटकाखाली वृक्षलागवड व जैवविविधता यांचा विचार केला जातो.