पावसाळ्यात निघायचं म्हणजे

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे प्रकार सांगितले आहेत. विनाकारण होणारी हिंसा म्हणजे अनर्थदंड. त्यातला एक प्रकार प्रमादचर्या. गरज नसताना जमीन उकरणं, पाणी उडवणं, आग पेटवणं, वारा घालणं, झाडपाला तोडणं ही त्यातली यादी आपल्या बायकांना बस्तीतल्या स्वाध्यायात ऐकून पाठ झालेली असते. यादीच्या शेवटी मात्र आणखी दोन गोष्टी येतात आणि त्यांच्याकडे सहसा कुणी लक्ष देत नाही: उगीच फिरणं, आणि दुसऱ्याला उगीच फिरवणं.

आमच्या घरात यंदा आषाढाच्या शेवटच्या शनिवार-रविवारी आंबोलीचे धबधबे आणि राजापूरजवळचे गरम पाण्याचे झरे असा बेत ठरू लागला, तेव्हा मला ही ओळ आठवली. पुतण्याचा पहिला हट्ट दूधसागरचा होता. रेल्वे आता रुळांवरून चालत जाऊ देत नाही म्हणून तो बारगळला. गंमत अशी की, गोव्यातला तो दूधसागर ज्या जंगलात आहे त्याचं नावच भगवान महावीर अभयारण्य. "काकू, म्हणजे तिथं गेलं तर तीर्थयात्राच की!" असं तो म्हणाला. सासूबाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "चातुर्मासात?"

त्यांचा प्रश्न मला धर्माइतकाच इतिहासाचा वाटला. आज धबधबा बघायचा म्हणजे पावसाळ्यातच निघायचं. पण या प्रदेशातल्या माणसांनी शेकडो वर्षं नेमक्या याच चार महिन्यांत पाय घरात ठेवला होता. मग हे बदललं केव्हा आणि कुणी बदललं?

मुनिमहाराज आषाढ शुद्ध चतुर्दशीला वर्षायोग स्थापन करतात आणि दिवाळीपर्यंत एका गावी राहतात. कारण सर्वांना ठाऊक आहे. पहिल्या सरीनंतर वाटेवर हिरवं उगवतं, किडामुंगी वर येते, पाऊल टाकायला निर्जीव जागा उरत नाही. बौद्ध विनयातही वर्षावासाच्या नियमाची हकीकत अशीच आहे. भिक्षू पावसात हिरवं गवत तुडवत हिंडतात, इतर पंथांचे साधूसुद्धा या दिवसांत एका जागी बसतात, अशी लोकांनी तक्रार केली, म्हणून नियम झाला. म्हणजे चातुर्मास हा एका धर्माचा शोध नव्हता. पाऊस आणि चिखल यांनी घालून दिलेली ती रीत होती. श्रमणांनी तिला अहिंसेचा अर्थ दिला.

श्रावकांसाठीही सोय होती. दिग्व्रतात माणूस जन्मभरासाठी दहा दिशांची मर्यादा घालून घेतो. अमुक नदी, अमुक डोंगर, समुद्र, इतकी योजनं, यापलीकडे जाणार नाही. देशव्रतात ती मर्यादा काही काळासाठी आणखी आखडती घ्यायची. एक दिवस, पंधरवडा, महिना, चातुर्मास. मला हे व्रत नेहमीच फार व्यवहारी वाटत आलंय. खुणा नकाशावरच्या नाहीत, डोळ्यांना दिसणाऱ्या आहेत. बैलगाडीच्या काळातल्या माणसाला नदी आणि डोंगर या खऱ्याच हद्दी होत्या. पावसाळ्यात तर व्रत न घेताही त्या पाळाव्याच लागत.

लष्करालासुद्धा पाळाव्या लागत. मराठी सैन्य पावसाळ्यात छावणीला यायचं आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायचं. चिपळूणजवळ छावणीला असलेल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र शाळेच्या पुस्तकात आपण वाचलेलं असतं, ते रयतेच्या भाजीच्या देठासाठी. पण ते पत्र मुळात पावसाळ्याच्या बंदोबस्ताचं आहे. दाणावैरण आत्ताच बेपर्वाईनं उडवाल तर भर पावसात मिळणार नाही, घोडी मरतील आणि ते पाप तुमच्या माथी येईल. रात्री दिवा ठेवून झोपाल तर उंदीर पेटती वात नेईल आणि गवताच्या गंज्या जळतील. उंदीर, वात, गवत! एवढ्या मोठ्या राजाचं इतकं बारीक लक्ष. मला तरी त्यात अनर्थदंडाची यादीच दिसते. शब्द तेवढे वेगळे.

बंदरंही बंद असत. वेंगुर्ला, मालवण, राजापूर इथली गलबतं वर ओढलेली. नारळी पौर्णिमा झाल्याशिवाय समुद्रात जायचं नाही. साधू, शिपाई, खलाशी, व्यापारी, सगळे एकदम थांबलेले. आपल्या बस्त्यांमधली पर्युषणाची गर्दी, पुराणवाचनं, कीर्तनं या थांबण्यावरच उभी राहिली. माणसं घरी होती म्हणून बस्तीत येत होती.

ही रीत मोडायला घाटातला गाडीरस्ता लागला, आणि तो आला आमच्या बेळगावमुळे.

1818 साली बेळगावचा किल्ला इंग्रजांनी घेतला. याच किल्ल्यात रट्टांच्या काळची, 1204 च्या सुमाराची आपली कमल बस्ती आहे. पुढे इथं मोठी लष्करी छावणी झाली. छावणीला माणसं, दारूगोळा, कापड, कागद, सगळं मुंबईहून समुद्रानं यायचं आणि जवळचं बंदर म्हणजे वेंगुर्ला. ते सावंतवाडीकरांकडून 1812 सालीच इंग्रजांच्या हाती गेलं होतं. आधी रामघाट वापरला जाई. तो उभ्या चढाचा; लादलेल्या बैलांच्या तांड्यांना ठीक, गाड्यांना जिवावरचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पारपोली-आंबोलीच्या बाजूनं वळणावळणांचा, सौम्य चढाचा रस्ता बांधला गेला आणि बेळगाव-वेंगुर्ला गाडीवाट पक्की झाली. माथ्यावर आंबोलीला मुक्कामाची जागा झाली. सावंतवाडीचे पोलिटिकल एजंट कर्नल वेस्ट्रॉप यांनी तिला थंड हवेच्या ठिकाणाचं रूप दिलं. पण साहेब लोक तिथं उन्हाळ्यात जात आणि पाऊस लागायच्या आत उतरत. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या पावसात मौज असते, हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

पुढं 1887 मध्ये बेळगावला आगगाडी आली आणि लगेच मुरगावची लाईन दूधसागरला वळसा घालून कॅसलरॉकपर्यंत चढली. वेंगुर्ल्याचा व्यापार बसला, घाटातल्या गाड्या विरळ झाल्या. धबधबे होते तसेच पडत राहिले. त्यांच्यासाठी म्हणून माणसं जाऊ लागली ती खूप नंतर, एस.टी., मोटारसायकल आणि शनिवारच्या सुट्टीबरोबर. छावणीच्या पुरवठ्यासाठी कोरलेल्या वाटेवर आता भर श्रावणात गाड्यांची रांग लागते आणि कठड्यावर लोक कणसं खात उभे असतात.

बेत आखताना मी पुतण्याला एक अट घातली. मुख्य धबधब्याच्या आधी हिरण्यकेशीला थांबायचं. हा धबधबा घाटाच्या पश्चिम अंगावर आहे, त्याचं पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतं. तिथून चार-सहा किलोमीटरवर गुहेतून निघणारी हिरण्यकेशी मात्र पूर्वेला वळते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत ती घटप्रभेला मिळते आणि गोकाकला बावन्न मीटरवरून कोसळते. पुढं कृष्णा, आणि शेवटी बंगालचा उपसागर. एकाच डोंगरावर पडलेला एकच पाऊस हातभर इकडे पडला तर एका समुद्राचा, हातभर तिकडे पडला तर दुसऱ्या समुद्राचा. गोकाकला 1887 मध्ये त्याच पाण्यावर सूतगिरणीची चाकं फिरू लागली. तेव्हा आमच्या लोकांना धबधबा म्हणजे गोकाक, आणि गोकाक म्हणजे गिरणीतली नोकरी. बघायला जायची वस्तू तो नंतर झाला.

दुसरी अट सूर्यास्ताची. आमच्याकडे रात्री जेवण नाही, त्यामुळे सगळा हिशेब उलटा, संध्याकाळकडून सकाळकडे करायचा. जुलैत कोकणात सूर्य सातच्या पुढं मावळतो. साडेसहाला ताट समोर हवं, म्हणजे सहाला राजापूर. बेळगाव ते आंबोली सत्तरेक किलोमीटर, पुढं सावंतवाडी तीस, तिथून राजापूर आणखी शंभर-एकशे दहा. घाटात धुकं आणि दरडी धरून निघायचं सहाच्या आत. सुनेनं हे सगळं कागदावर मांडलं तेव्हा तीच म्हणाली, "म्हणजे अंधारात घाट चढणं-उतरणं आपोआपच टळतंय की." टळतंय खरं. दर पावसाळ्यात धबधब्याखाली, वाहत्या ओढ्यात, निसरड्या कड्यावर तरुण पोरं जातात आणि पेपरात दोन ओळी येतात. पाण्यात उतरायचं नाही, ही तिसरी अट मी यादीत लिहिली. पाणी विनाकारण उडवू नये याला माझ्या मते एवढं कारण पुरे.

आता राजापूर. पावसाळ्याचा नियम मोडल्याची इतिहासातली सगळ्यांत गाजलेली गोष्ट या गावाला चिकटलेली आहे. 1660 च्या आषाढात शिवाजी महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात अडकले होते. वेढा पावसात सैल पडेल ही सगळ्यांची अटकळ. जौहरनं तो उठवला नाही. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन पन्हाळ्याखाली गेले आणि आपलं निशाण लावून त्यांनी किल्ल्यावर मारा केला. व्यापारी म्हणवणाऱ्यांचं हे काम नव्हे. मग भर पावसाच्या रात्री महाराज निसटले, आणि पावनखिंडीत बाजीप्रभूंनी जीव दिला. पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूर घेतलं, वखार लुटली, रेव्हिंग्टन आणि इतर इंग्रजांना कैदेत टाकलं. ते सुटले 1663 मध्ये. आम्ही परतताना अणुस्कुरा घाटानं मलकापूरकडे चढणार आहोत. राजापूर बंदराला देशाशी जोडणारी ती जुनी वाट, आणि पन्हाळा-विशाळगडाचा तो मुलूख तिच्या आसपासच आहे. पुतण्याला पावनखिंड हवी होती. एका रविवारात मावत नाही म्हणून ती हिवाळ्यावर ठेवली.

राजापूरच्या जवळ उन्हाळे नावाचं गाव आहे. ऋतूशी त्याचा संबंध नाही; उन्ह म्हणजे उष्ण, ऊन पाण्याचं गाव ते उन्हाळे. कोकणात अशी नावं ओळीनं सापडतात: पालीजवळ उन्हेरे, दापोलीकडे उन्हवरे. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरपर्यंत सह्याद्री आणि समुद्र यांच्यामधल्या पट्टीत गरम झऱ्यांची ही माळच आहे. खाली ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेनं वर येतं. म्हणजे धबधब्याचं पाणी आज सकाळच्या पावसाचं, आणि झऱ्याचं केव्हाच्या तरी जुन्या पावसाचं.

इथं आमच्या घरात खरा वाद पेटला. सासूबाई उकळून गार केलेलं पाणी पितात. उकळल्यावर पाणी प्रासुक, निर्जीव होतं. मग जमिनीनंच तापवलेलं पाणी प्रासुक मानायचं का? पुतण्या म्हणाला, "आजी, तयारच मिळालं की!" मी शोधलं तर भगवती सूत्रात, श्वेतांबरांच्या आगमात, याच विषयावर चर्चा आहे. राजगृहाच्या वैभार पर्वताजवळ गरम पाणी निघतं. इतर मतांचे लोक म्हणत, डोंगराखाली मोठा डोह आहे. महावीरांचं उत्तर असं की तो डोह नाही, झरा आहे, आणि त्यात उष्ण योनीचे जीव उपजतात आणि मरतात. म्हणजे गरम झरासुद्धा जिवंतच. 1960 च्या दशकात अमेरिकेत यलोस्टोनच्या झऱ्यांमध्ये थॉमस ब्रॉक यांना उष्णतेतच वाढणारे जीवाणू सापडले. यावरून सगळं विज्ञान आपल्या ग्रंथांत आधीच होतं असं म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. मला त्या सूत्रातली काळजी महत्त्वाची वाटते. हात लावायच्या आधी या पाण्यात कोण राहतं, असं तिथं कुणीतरी विचारलंय.

सासूबाईंनी वाद मिटवला तो त्यांच्या पद्धतीनं. त्यांनी चातुर्मासासाठी देशव्रत घेतलेलंच होतं, बेळगाव शहराबाहेर जायचं नाही. त्या येणार नाहीत, आणि आम्हाला अडवणारही नाहीत. फक्त जाण्याआधी आम्ही सर्वांनी दोन दिवसांची मर्यादा बोलून घ्यावी, एवढं त्यांचं मागणं. पुतण्यानं गंमत म्हणून वही काढली आणि मग गंभीरपणे लिहीत बसला. पश्चिमेला राजापूरची खाडी. दक्षिणेला सावंतवाडी. उत्तरेला मलकापूर-कोल्हापूरचा रस्ता. पूर्वेला आपलं घर. काळ, शनिवार पहाटेपासून रविवारच्या सूर्यास्तापर्यंत.

"आणि वर-खाली?" सासूबाईंनी विचारलं. दिशा दहा असतात.

त्यानं क्षणभर विचार करून लिहिलं: वर आंबोलीचा माथा. खाली, पाण्याच्या काठापर्यंत.