शुक्राणूने मागे सोडलेला डीएनए

१/ मूल होत नाही, याचा बोल शतकानुशतके स्त्रीलाच लावला गेला. पुरुषबीज प्रत्यक्ष दिसले ते १६७७ मध्ये. हॉलंडमधील डेल्फ्टचा कापडव्यापारी लेवेनहूक याने स्वतः घडवलेल्या भिंगातून वीर्यातील वळवळणारे शुक्राणू पाहिले.

२/ १८९८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ कार्ल बेंडा शुक्राणूंची घडण अभ्यासत होते. पेशीतील सूक्ष्म कणांना त्यांनी ‘मायटोकॉन्ड्रिया’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ तंतू आणि कण. पेशीची ऊर्जा मुख्यत्वे येथेच तयार होते.

३/ १९६३ मध्ये स्टॉकहोम येथे मार्गिट व सिल्व्हन नास या दांपत्याने या कणांत स्वतंत्र डीएनए असल्याचे दाखवले. माणसात तो आईकडून अपत्याकडे जातो, हे १९८० मध्ये सिद्ध झाले.

४/ मग पित्याच्या शुक्राणूतील डीएनएचे काय? तो जितका अधिक, तितका शुक्राणू सशक्त, असे कोणालाही वाटेल. २००३ मध्ये फ्रान्समधील संशोधकांना नेमके उलट आढळले. वंध्यत्व असलेल्या पुरुषांच्या सदोष शुक्राणूंत हा डीएनए जास्त होता.

५/ २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने या कोड्यावर प्रकाश टाकला. परिपक्व मानवी शुक्राणूत अखंड मायटोकॉन्ड्रियल डीएनए जवळजवळ नसतोच. घडणीच्या काळातच तो गळून जातो. तो मोठ्या प्रमाणात उरणे, ही घडण अपुरी राहिल्याची खूण असू शकते.

६/ जो दोष स्त्रीच्या माथी मारला गेला, त्याचा माग कित्येकदा पुरुषाच्या पेशीतच सापडतो. म्हणूनच तपासणी दोघांचीही व्हायला हवी.